जवभर

कॉफीच्या डब्यातल्या पुंगळ्या टेबलावर ओततो
आणि एकेक उभी करत जातो.
आडव्या पडलेल्या सगळ्या सारख्याच.
उभ्या केल्यावर कळतं
कोण अडतीस, कोण तीनशे सत्तावन्न.
फरक इंचाचा आठवा हिस्सा, वर केसभर.

नावावर जाऊ नका.
अडतीसला कॅलिपर लावा, अडतीस भरत नाही.
शिसं दोघांतही एकाच मापाचं,
नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.
धाकटं थोरल्याच्या घरात निवांत मावतं,
थोरलं धाकट्याच्या घरात नाही:
लहान तोंडी मोठा घास,
आणि तो दारात अडतो
हे देवाचे उपकार.

ऑरोफिनोच्या लाकूडगिरणीत एकतीस वर्षं
मी फळ्यांची प्रत ठरवली.
गाठ, चीर, वाक.
लांबीत कुठल्या झाडानं मला फसवलं नाही.
प्रेस बसवलाय तो बाकही तिथलाच,
टॅमरॅकचा, नापास झालेला.

एवढी वर्षं प्रेस थोरल्यावर लावलेला.
ऑक्टोबर आला की आर्डिथ विचारायची,
"माझ्यासाठी कधी?"
मी तिला एक रविवार द्यायचो,
उपकार केल्यासारखा.
लॉकनट ढिली करायची, डाय वर घ्यायची,
खालची कडी काढून बाकावर ठेवायची.
तिची दोनशे भरून झाली
की सोमवारी सकाळी, कॉफीच्या आधी,
कडी परत जागेवर.

तेच आज करतोय, फेब्रुवारीत.
शेडच्या खिडकीला अर्ध्यापर्यंत बर्फ.
उजव्या मनगटाला पट्टा आहे,
म्हणून पाना डाव्या हातात, आणि तो घसरतो.
लुइस्टनची डॉक्टरीण तरुण आहे,
तिनं फोटो उजेडावर धरला
आणि नुसतं विचारलं, "अजून मोठीच उडवता?"

दारूचं माप आधी पूर्ण रिकामं करतो.
इथं घाई नाही, इथं गप्पा नाहीत.
थोरल्याचा घोट धाकट्याला पाजायचा नसतो.
पुस्तकातला आकडा बोट ठेवून वाचतो,
तराजूवर तीनदा तोलतो,
चौथ्यांदा, चष्मा पुसून.

आर्डिथ आत आली, बुटांवरचा बर्फ झटकत.
"आज कुठला रविवार?"
"मंगळवार आहे."
तिनं प्रेसकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे.
माझा भाऊ डेल्विन असता तर
पुढच्या हरणांपर्यंत हसला असता.
ती हसली नाही.
तिनं बाकावरची कडी उचलली, बोटावर फिरवली,
"ही कुठे ठेवू?"

मी शेडभर पाहिलं.
प्रत्येक पान्याला इथं खिळा आहे,
प्रत्येक खिळ्यामागे पेन्सिलीनं काढलेली आकृती.
कडीला जागाच नव्हती.
ती कधी एका रात्रीपेक्षा जास्त
बाहेर राहिलीच नव्हती.

"राहू दे तुझ्याकडे," म्हणालो,
आणि तिनं ती कोटाच्या खिशात टाकली,
किल्ल्या आणि खोकल्याच्या गोळ्यांबरोबर.

पहिलं काडतूस वाकडं निघालं.
दुसरं जरा जास्तच दाबलं गेलं.
"डाय पाव फेरा वर घे," ती म्हणाली,
आणि मी विचारलं नाही तिला कसं माहीत.
रविवारी ती स्टुलावर बसून असायची, विणत.
मला वाटायचं, विणतेय.

तिसरं बरोबर बसलं.

संध्याकाळी रिव्हॉल्वर घासायला घेतलं.
धाकटी काडतुसं जिथं संपतात
तिथं आत काजळीचं एक कडं साचतं,
मग थोरलं अडकतं.
दर वर्षी तिच्या रविवारानंतर
ते कडं मी कुरकुरत खरवडायचो.

"आता कशाला?" ती म्हणाली.
"आता काय अडकणार आहे तिथं?"

ब्रश हातात होता.
सहा घरं होती.
मी सहाही घासली.